सरकारमान्य गुत्तेदार

नेकनूर,
ता. १२ मे १९९८

ती. सौ. शांताअक्का हिस,

धाकट्या अमरनाथचा शरणार्थ. दाजींना माझा वाकून नमस्कार सांग, आणि सारखं वाकून गुडघा बघू नका म्हणावं, त्यानं तो जास्त दुखतो. लातूरला पाणी किती दिवसांआड येतं? इकडं बोअरला अजून आहे. कावेरीची पाठ धरली होती, ती तेल लावल्यावर सुटली. आता माझी धरली आहे, पण तिचं कारण वेगळं आहे आणि तेच सांगायला बसलो आहे. चहा घेऊन बस.

दिवाळीत मी केजच्या एका भुसार व्यापाऱ्याचा जुना ट्रक घेतला, हे स्वप्नालीनं तुला फोनवर सांगितलं असेलच. (आमच्या लेकीच्या पोटात ट्रकच काय, टाचणीसुद्धा राहत नाही.) त्याच्या दारावर त्या व्यापाऱ्याचं नाव अर्धं खरवडलेलं होतं, त्यामुळं सहा महिने लोक मला त्याच्याच नावानं हाका मारत होते आणि मी ओ देत होतो. पण गेल्या महिन्यात लिंबागणेशच्या शाळेच्या दोन खोल्यांचं काम मला लागलं. अक्का, हे माझ्या नावावरचं पहिलं काम. आजवर पंधरा वर्षं भिंती मी उभ्या केल्या आणि पाटीवर नाव दुसऱ्याचं लागलं. तेव्हा भूमिपूजनाच्या दिवशी ट्रक गावात शिरताना त्यावर आपलं नाव असावं, आप्पांच्या नावासकट असावं, आणि ते लांबून वाचता यावं, एवढीच माझी हौस होती. ही हौस काही गैर आहे का, तूच सांग.

कावेरी म्हणाली, "त्यात काय एवढं, हरिबाकाकांना सांगा की." हरिबा पेंटर तुला आठवत असतील. आप्पांच्या दुकानाची पाटी त्यांचीच, आणि तुझ्या लग्नात दाजींच्या नावाच्या वेलांटीला मोर काढला होता तोही त्यांनीच. (मोर बघायला वऱ्हाडी थांबले आणि मुहूर्त टळता टळता राहिला.) पण गेल्या साली त्यांनी पंचायतीच्या भिंतीवर 'झाडे लावा' लिहिलं, ते 'झा'पासून 'वा'पर्यंत असं चढत गेलं की शेवटचं अक्षर पत्र्याला टेकलं. आता गावात तीन एसटीडी बूथ झाले, घरोघर केबल आली, दुकानात थंडा कोला मिळतो, आणि बीडमध्ये कॉम्प्युटरवर अक्षरं कापून देणारा माणूस आला आहे. अशा वेळी मी हरिबाकाकांच्या मागं कशाला लागू? पण हे त्यांच्या तोंडावर सांगायचा धीर नव्हता. त्यांचं घर बीडच्या रस्त्यालाच. जाताना मी खिडकीतून तोंड आत घेतलं आणि डोक्यावर टॉवेल ओढला. ड्रायव्हर आश्रुबा म्हणाला, "मालक, तुमी झाकले, ट्रक कसा झाकू?" मी त्याला गप बसवलं.

दुकानवाले नाशिककडचे, गायधनी नावाचे. अतिशय सभ्य माणूस. आत जाताना चपला बाहेर काढायच्या, कॉम्प्युटरला धूळ चालत नाही म्हणून. मी आपला त्या चिकट कागदाला रेडियम म्हणत होतो, तर त्यांनी तीनदा दुरुस्त केलं, रेडियम नाही, व्हिनायल. मग वही उघडून त्यांनी एकेक विचारायला सुरुवात केली. ते संभाषण मी जसंच्या तसं लिहितो, कारण पुढं जे झालं ते सगळं त्याच्यातनंच झालं.

त्यांनी विचारलं, "व्यवसाय?"

मी म्हणालो, "गुत्तेदार. वर 'सरकारमान्य' टाका, ठसठशीत."

त्यांनी वहीतून डोकं वर काढलं. "म्हणजे रीतसर परवाना आहे?"

"परवान्याबिगर कोन काम देतंय, साहेब?"

"आणि चालतं कुठे हे?"

"जास्ती करून शाळांत. दवाखान्यातबी दोन केलेत. आता लिंबागणेशच्या शाळेत चालू हुतंय."

त्यांनी चष्मा काढून पुसला. "शाळेत? गावकरी काही म्हणत नाहीत?"

"म्हनतेत ना. लवकर चालू करा म्हनतेत. सरपंच सोता नारळ फोडायला येनार. लेकरांची लई आबदा व्हायली, त्यांची सोय व्हईल."

"लेकरांची," असं ते हळूच म्हणाले आणि वहीत बघत राहिले. मला वाटलं, भल्या माणसाला शाळेचं ऐकून भरून आलं. म्हणून मीही मोकळा झालो आणि सांगितलं, की आपल्या मालात फसवणूक नाही, पाणी मारायला मी वेगळा माणूस ठेवला आहे, सकाळ-संध्याकाळ मारतो. (सिमेंटला पाणी मारल्याशिवाय भिंत धरत नाही, हे तुला सांगायला नको.) त्यावर ते म्हणाले, "तुम्ही मोकळेपणानं बोलता, हे आवडलं. चित्र माझ्याकडून भेट."

दोन तासांनी बाहेर येऊन बघतो तर अक्का, डोळे दिपले. 'अमरनाथ धोंडप्पा शेटे, सरकारमान्य गुत्तेदार, नेकनूर.' सोनेरी अक्षरं, काळी कड, एक रेघ इकडची तिकडं नाही. दोन्ही दारांवर नाव आणि मागच्या फाळक्यावर मोठं लाल चित्र. एक उंच, वर निमुळतं होत गेलेलं, आणि त्याच्या शेजारी एक बुटकं. मी विचारलं, हे काय? गायधनी म्हणाले, तुमच्या धंद्याची खूण, बघताक्षणी कळते. मी बघितलं, आणि मला कळलं. गावोगाव असते तशी पाण्याची उंच टाकी, आणि शेजारी बादली. आप्पांचं नाव मी पुन्हा पुन्हा वाचत होतो, त्यामुळं मी चित्राकडं फार बघितलं नाही, हेही खरं. आश्रुबानं चित्र बघून माझ्याकडं बघितलं, पण मीच त्याला सकाळी गप बसवलं होतं. तो गपच बसला.

दुसऱ्या दिवशी सकाळी सिमेंट भरून आम्ही लिंबागणेशला निघालो. शाळेपुढं मांडव, हलगी, सरपंच विठ्ठलराव फेट्यात, बायका पंचारती घेऊन उभ्या. ट्रक वळवून फाळका मांडवाकडं केला आणि हलगी थांबली. आधी वाटलं, लोक नाव वाचताहेत. मग धुळाजी नावाचा एक म्हातारा हळूच माझ्याजवळ आला आणि कानात म्हणाला, "सकाळी किती वाजता उघडनार?" मी म्हणालो, "दहाला, शाळेच्याच टायमाला." तो लई खूश होऊन गेला.

त्याच्या मागून बायनाबाई आल्या. या पंचायतीच्या सदस्य. गेल्या साली गावातल्या बायका गोळा करून यांनीच दारूचं दुकान उठवलं, आणि दुकानाच्या पाट्या चुलीत घातल्या. त्यांनी मला विचारलं, "हे चित्तर कशाचं हाय?"

मी म्हणालो, "पाण्याच्या टाकीचं."

"टाकीला बूच असतंय व्हय?"

तेव्हा मी पहिल्यांदा नीट बघितलं. अक्का, बूच होतं. बुचाखाली मान होती, मानेखाली चिठ्ठी होती, आणि बादलीला कडी नव्हती. आपल्या सात पिढ्यांत कुणी त्या वस्तूला हात लावला नाही, ती वस्तू आप्पांच्या नावामागं लाल रंगात पुरुषभर उंच उभी होती! शाळेतले गुरुजी साताऱ्याकडचे, त्यांनी उलगडून सांगितलं, की आपल्या मराठवाड्यात गुत्तेदार म्हणजे कंत्राटदार, पण तिकडं गुत्ता म्हणजे दारूचा अड्डा. गायधनी काही लबाड नव्हते. त्या भल्या माणसानं मला शाळेत दारू विकणारा समजून, वर पाणी घालतो म्हणून माझं कौतुक केलं होतं. मी हे सगळं बायनाबाईंना समजावलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "तुमी खरं सांगताव, कळतंय मला. पण या गावच्या बाया मार खाऊन हितवर आल्यात. ही बाटली शाळेच्या आवारात उभी ऱ्हानार न्हाई. उद्या दहापत्तर गेली तर नारळ फुटंल, न्हाईतर दुसरा गुत्तेदार बघू." विठ्ठलराव फेटा सोडायला लागले. मला राग यायला हवा होता, पण आला नाही. बाई बरोबर बोलत होत्या.

दुपारभर मी आणि आश्रुबा लिंबाखाली ती बाटली खरवडत होतो. ब्लेड झालं, रॉकेल झालं, गरम पाणी झालं. जे ठेवायचं होतं ते निघत होतं आणि जे काढायचं होतं ते हलत नव्हतं. हात घसरून एका दारावरचं 'सरकारमान्य'मधलं 'मान्य' गेलं, दुसऱ्यावरचं आप्पांचं 'धों' गेलं, पण बाटलीचा थेंब सांडला नाही. माझी पाठ धरली ती इथं. शेवटी चित्रावर पोतं बांधलं आणि उन्हं कलायच्या आत नेकनूरला आलो. हरिबाकाका ओट्यावर बसले होते. या खेपेला टॉवेल ओढायची ताकद नव्हती. ते उठले आणि रस्त्यात आडवे उभे राहिले.

"काय बे अमरनाथ, बीडला गेलतास म्हनं. दाखव तरी."

आश्रुबानं पोतं सोडलं. हरिबाकाका फाळक्याजवळ गेले, नाक टेकेल एवढे जवळ गेले, आणि चित्रावरून हात फिरवला. मी शिव्या ऐकायची तयारी ठेवली होती. ते म्हणाले, "टाकी बेस काढलीय की. कावून झाकलीस?"

अक्का, मी ओळखलं नाही यात नवल नाही, माझा तेवढा अभ्यास नाही. पण हरिबाकाकांचा चाळीस वर्षांचा अभ्यास आहे. नाकासमोर पुरुषभर उंच बाटली उभी आणि त्यांना ती ओळखू येईना. 'झाडे लावा' का चढत गेलं ते मला तिथं कळलं. त्या माणसाला दिसत नव्हतं, आणि गावाला वाटत होतं हात म्हातारा झाला. आम्ही त्यांना काम देणं बंद केलं, पण कुणी विचारलं नाही.

मी सगळं खरं सांगितलं. टॉवेलाचंसुद्धा. ते लई वेळ हसले, मग म्हणाले, "डबे काढ."

सकाळी सात वाजता ते कामाला बसले. व्हिनायलची कड पत्र्यावर उभी राहते, ती ते डाव्या बोटानं चाचपत आणि उजव्या हातानं ब्रश त्याच्या मागून नेत. बुचाला त्यांनी टोक काढलं, मान उतरती केली, चिठ्ठीच्या जागी रेघा ओढल्या, आणि बाटलीची झाली पेन्सिल. ग्लासाची झाली दौत. गेलेलं 'धों' आणि 'मान्य' त्यांनी हातानं भरलं. ते किंचित चढावर आहे. मी आणि आश्रुबानं एकमेकांकडं बघितलं आणि "एक लंबर" म्हणालो.

दहाला पाच कमी असताना लिंबागणेशला पोचलो. बायनाबाईंनी फाळका बघितला, दारं बघितली, आणि हरिबाकाका उतरताना पायरी चाचपत होते तेही बघितलं. काकांचा हात धरून त्यांना मांडवात नेलं आणि नारळ त्यांच्याच हातात दिला. विठ्ठलरावांनी परत बांधलेला फेटा नीट केला आणि टाळ्या वाजवल्या. काम सुरू आहे, पाया भरून झाला. धुळाजी रोज दहाला येऊन बघून जातो.

एवढंच कळवायचं होतं. दाजींना नमस्कार, भाच्याला, राजेश्वरला, अभ्यासाबद्दल आशीर्वाद.

तुझा भाऊ,
अमरनाथ

ता. क. – एवढंच कळवायचं नव्हतं. हरिबाकाकांना मोतीबिंदू आहे, दोन्ही डोळ्यांत. बीडच्या डॉक्टरांचं नाव काढलं तर ते दोन दिवस घरातून बाहेर येत नाहीत, डोळ्याला सुरी लावून घेणार नाही म्हणतात. म्हणून मी त्यांना सांगितलं आहे, की दाजींच्या दुकानाला नवी पाटी रंगवायची आहे, लातूरला चला. पुढच्या गुरुवारी सकाळच्या गाडीनं आम्ही येतो. दाजींच्या ओळखीच्या डोळ्यांच्या डॉक्टरांकडं तारीख धरून ठेव, आणि दाजींना दुकानाची पाटी उतरवायला सांग. ती चांगली आहे हे मला माहीत आहे. नवी आहे हेही माहीत आहे. तरी उतरवा. आणि यातलं एक अक्षर हरिबाकाकांच्या कानावर जाऊ देऊ नका.

ता. क. २ – पत्र पाकिटात घालायला दिलं, तर कावेरीनं ते ओट्यावर बसून हरिबाकाकांना पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचून दाखवलं. (स्वप्नाली कुणावर गेली ते आता तरी कळलं का?) ते म्हणाले, "डॉक्टर सकाळी असंल तर सकाळीच करून घेऊ. पन एवढं खोटं बोलून मानसानं बलिवलंय, तर पाटी रंगवल्याबिगर कसं यायचं?" डोळे बरे होईपर्यंत ते तुझ्याकडंच राहतील म्हणतात. तेव्हा अक्का, पाटी उतरवून ठेवच. आणि आहे तीच बरी होती, असं दाजींनी त्यांच्यासमोर म्हणू नये.