कास्परच्या पांढऱ्या कागदाबद्दल खुलासा

आदरणीय ट्राउडेताईंना,

आम्हा खाणवाल्यांचा नमस्कार : खाली गेलेला प्रत्येक जण सुखरूप वर येवो. (मी हल्ली फक्त आमच्या तळघरात उतरतो, पण नमस्कार बदललेला नाही.) तुमचा गुडघा बरा असेल, एकेहार्टरावांचा खोकला थांबला असेल आणि तुमचा राग निदान हे पत्र फाडण्याआधी वाचण्याइतका उतरला असेल, असे धरून लिहितो आहे.

रविवारी तुम्ही कॉफीला आलात, आठवणीने काळ्या खसखशीचा केक आणलात आणि कास्पर कुठे आहे म्हणून विचारलेत. आमच्या हिने, हॅनेलोरेने, तुम्हाला तळघरातल्या कपडे धुण्याच्या खोलीत नेले. तुमचा धाकटा नॉर्वेला जाताना दोन साप तुमच्या गळ्यात घालून गेला (शब्दशः नव्हे). त्यांतला मेल्खिओर तुम्ही ठेवलात आणि कास्पर आम्ही हौसेने मागून घेतला. तो बिचारा प्लास्टिकच्या डब्यात, पांढऱ्या कागदावर, एकटा पडलेला. ना फांदी, ना पालापाचोळा. तुम्ही म्हणालात, “माझ्या घरून आलाय म्हणून का गं? माझ्या घरात काय रोगराई आहे?” हॅनेलोरे म्हणाली, “अगं, राजवाड्यातून आला असता तरी इथेच ठेवला असता.” पण तोवर तुम्ही कोट चढवला होता. केक मात्र राहिला. (उत्तम होता.)

ताई, हे विलगीकरण. साप पाळणाऱ्यांत नवा साप घरात आला की काही आठवडे जुन्यापासून लांब ठेवायचा, हा दंडकच आहे. त्याची खोली वेगळी, चिमटा वेगळा, पाण्याचे भांडे वेगळे. आधी जुन्याचे करायचे, मग नव्याचे, मग हात धुवायचे, मग सदरा बदलायचा. आता हे सांगायला सोपे, पण मी गोंधळलो. चिमटे दोन, दोन्हींचा रंग सारखा. परवा सदरा बदलल्याचे आठवेना म्हणून पुन्हा बदलला, मग कुठला काढला ते कळेना, म्हणून दोन्ही धुवायला टाकले आणि बनियनवर पाव आणायला गेलो. बेकरीवाली म्हणाली, “विल्फ्रीड, पुन्हा संप का?”

आणि गोंधळ नुसता सदऱ्यांचा असता तर मी पत्र लिहिले नसते. मी आयुष्यभर खाणीच्या फाटकावर उभा राहून भाषणे केली. नवे कामगार परमुलखातून आले, त्यांना वेगळ्या बराकी, वेगळी न्हाणीघरे दिली, तेव्हा मी पिंपावर चढून विचारले होते की आलेल्या माणसाने आधी आपली शुद्धता सिद्ध करायची हा कुठला न्याय? त्यावर मी किती पुस्तके वाचली आहेत, हे तुम्हाला ठाऊक आहे. (ती तुमच्याच माळ्यावर आहेत.) आणि आज मीच फाटकावरचा शिपाई, हातात भिंग, समोर एक निरपराध साप. आमच्या सर्पमंडळात मी याच विषयावर बोललो. लोक उभे राहिले, टाळ्या पडल्या. मग हॅनेलोरे उठून एवढेच म्हणाली, “साप भाषण ऐकत नाही.” विलगीकरण ठेवायचे का, यावर मतदान झाले. टाळ्या मला, मते तिला. हे कसे होते, मला अजून कळलेले नाही.

पण तुम्ही तणतणत गेलात आणि माझी तत्त्वे पुन्हा जागी झाली. मी हॅनेलोरेला बजावले : कायदा एक असेल तर तो सगळ्यांना एक! पाहुणा पांढऱ्या कागदावर आणि आमची जुनी सापीण बार्बारा झाडाच्या मऊ तपकिरी सालींच्या गादीवर, हे या घरात चालणार नाही. बार्बारालाही कागद! बार्बारा तुम्हाला माहीतच आहे. खाण बंद झाली त्या वर्षी घरी आली आणि मला बोलायला कुणी उरले नव्हते तेव्हा गळ्याभोवती बसून सगळे ऐकून घेतले. अलीकडे ती दिवसभर पाण्याच्या भांड्यातच पडून असते. उन्हाळा. हॅनेलोरे म्हणाली, “घाल बाबा कागद, पण बोलणं आवर.” मी स्वतःच्या हाताने साली काढल्या, कागद अंथरला आणि शेजारी उभा राहून तुमच्या केकचा शेवटचा तुकडा खाल्ला. समता अशी चवदार असते, ताई!

तेव्हा तुमच्या घराबद्दल आमच्या मनात कसलीही शंका नाही, एवढाच या पत्राचा हेतू. एकेहार्टरावांना नमस्कार.

आपला,
विल्फ्रीड

ता. क. पत्र पाकिटात घालणार तोच बार्बाराच्या कागदावर खसखस सांडलेली दिसली. केक जपून खायला हवा होता, असे म्हणून झटकायला गेलो. खसखस चालायला लागली.

ता. क. आणखी. ते किडे आहेत. सापाचे रक्त पिणारे. सालींच्या रंगात दिसत नाहीत, पांढऱ्यावर दिसतात. कागद त्यासाठीच असतो म्हणे. बार्बारा उन्हाळ्यामुळे नव्हे, खाज सोसवेना म्हणून पाण्यात बसत होती, आणि मी रोज तिला गळ्यात घेऊन समतेवर बोलत होतो. डॉक्टरीणबाई म्हणतात की वाचेल, पण वेळ लागेल. कास्पर मात्र स्वच्छ आहे. भिंग लावून तपासला, एक ठिपका नाही. हॅनेलोरेने दोन्ही चिमटे मला दिले, तळघराला कुलूप लावले आणि म्हणाली, “तू आता बार्बाराकडचा.” किडे घरात आले कुठून, हे मला समजत नाही. मे महिन्यातल्या मोर्चात मंडळाचे सगळे साप मी एकजुटीचे प्रतीक म्हणून एका टोपलीत ठेवले होते, त्याचा याच्याशी संबंध नसावा. हॅनेलोरेला त्याबद्दल विचारू नका.

ता. क. शेवटचे, आणि खरे तर पत्र यासाठीच. कास्परला इथे ठेवणे आता धोक्याचे आहे. काही आठवडे त्याला परत न्याल का? हॅनेलोरे स्वतः घेऊन येईल, मी रस्त्यापलीकडे उभा राहीन. मात्र त्याला लगेच मेल्खिओरजवळ सोडू नका. वेगळी खोली, वेगळे भांडे आणि खाली पांढरा कागद घाला, ताई. तो आमच्या घरून येतोय.