सिलेन, सासरे आणि एकेरी हाक

तीर्थस्वरूप वन्संना,

नमस्कार. तो बसून स्वीकारावा, आणि पत्रही शक्यतो बसूनच वाचावं. आम्ही इकडे सगळे खुशाल आहोत. हे वाक्य रिवाज म्हणून लिहिलेलं नाही. आम्ही खरोखरच खुशाल आहोत, बाबासुद्धा, हे पुढचं वाचताना कृपया लक्षात असू द्यावं. तुमची मान कशी आहे? पट्टा लावता, की कोणी भेटायला आलं की मगच बांधता? (हे काळजीपोटी विचारलं आहे. तुमचे बंधू म्हणाले होते, असं विचारू नकोस.) तुमच्या यजमानांचा खोकला कमी झाला असेल अशी आशा आहे. फोन न करता पत्र लिहिते आहे याचं नवल वाटेल. फोनवर आपलं बोलणं फार छान होतं, पण ते बहुतेक तुमचंच असतं, आणि या वेळी मला माझंही थोडं सांगायचं आहे.

तो व्हिडिओ तुम्ही पाहिला असेलच. त्यात एक बाई पांढऱ्या केसांच्या एका गृहस्थांवर “सोड! सोड म्हणते ना!” असं ओरडते आहे. बाई मी. गृहस्थ बाबा. बाकी त्यात काहीच दिसत नाही, कारण ज्याने तो काढला त्याला खरी घटना डाव्या बाजूला चालली आहे याचा पत्ताच नव्हता. (कारखान्यात मोबाइल आणायला बंदी आहे. तशी पाटी मी स्वतः लावली आहे, आणि त्या पाटीखाली उभं राहूनच हा व्हिडिओ काढला गेला आहे.) सासऱ्यांना अरेतुरे करणारी सून आपल्या घराण्यात कधी झाली नाही, हे मला ठाऊक आहे. म्हणून काय घडलं ते पहिल्यापासून सांगते.

आमच्या कारखान्यात भिंतींना आणि दगडांना पाणी लागू नये म्हणून लावायचा द्रव तयार होतो. तुमच्या गच्चीला दिलेला डबा आमचाच. (गच्ची अजून गळते असं कळलं. तुमच्या गवंड्याने तो ओल्या भिंतीवर लावला, त्याला मी काय करणार?) हा द्रव ज्यापासून बनतो त्या रसायनाला क्लोरोसिलेन म्हणतात. दिसायला पाण्यासारखं, आणि पाण्याचं त्याला इतकं वावडं की हवेतला ओलावाही सहन होत नाही. झाकण जरा सैल राहिलं की पांढरा धूर ओकू लागतं, आणि तो धूर म्हणजे आम्लाची वाफ, डोळे आणि घसा सोलून काढणारी. शिवाय ते पेट्रोलसारखं भडकतं. त्याची वाफ जड असते. ती जमिनीलगत सरपटत जाते आणि कुठेतरी लांब एखादी ठिणगी शोधून काढते. म्हणून ड्रम उघडण्याआधी त्याला तार जोडून जमिनीशी बांधायचं, कारण ओतताना निर्माण होणारी वीजही त्याला पुरते. पाना पितळी वापरायचा. आत मोकळ्या जागेत हवेऐवजी कोरडा नायट्रोजन भरायचा. आणि पेटलं किंवा सांडलं तर काहीही झालं तरी त्यावर पाणी मारायचं नाही. जगाला पाण्यापासून वाचवणारा माल स्वतः असा आहे. मी हे सगळं मालकांना सुरक्षा अधिकारी म्हणून नोकरीला लागल्यापासून सांगते आहे. ते दर वेळी कौतुकाने ऐकतात. गोदामाचं छप्पर गळतं त्याचं काय, असं विचारलं की म्हणतात, पावसाळा जाऊ दे. (कारखाना कशाचा आहे ते वर लिहिलं आहेच.)

तर सुरक्षा सप्ताह आला. मालकांना प्रमुख पाहुणा हवा होता, मानधन न घेणारा. अग्निशमन दलात आयुष्य घालवलेले सासरे माझ्याच घरी आहेत हे त्यांना कोणी सांगितलं, ते मला माहीत आहे, पण तुमचे बंधू असल्यामुळे लिहीत नाही. बाबांनी निमंत्रण मिळताच कोट धुवायला दिला आणि आरशासमोर भाषणाची तालीम सुरू केली. भाषणाचा गाभा असा होता की आग कितीही मोठी असो, पाण्यापुढे तिचं काही चालत नाही. मी आडून सुचवलं की आमच्याकडचं प्रकरण थोडं वेगळं आहे. बाबा म्हणाले, “सूनबाई, आगीला कुठे ठाऊक असतं ती कुणाच्या कारखान्यात लागली आहे?” यावर मी गप्प बसले. सून म्हणून ते शोभलं, सुरक्षा अधिकारी म्हणून नाही.

मालकांची हौस एवढ्यावर भागली नाही. व्यासपीठाच्या बाजूला एक ड्रम हवा, म्हणजे आपण काय धोका पत्करतो ते लोकांना दिसेल, असं त्यांच्या मनात आलं. मी नाही म्हटलं. ते पाणी भरलेला ड्रम ठेवू म्हणाले. मी म्हटलं, त्या नावाच्या ड्रममध्ये पाणी ही कल्पनाही कोणाच्या डोक्यात जायला नको. शेवटी कधीच न वापरलेला, कोरा, रिकामा ड्रम ठेवायचं ठरलं. (वापरून रिकामा झालेलाही चालत नाही, कारण आत वाफ उरते, आणि अशा रिकाम्या ड्रमजवळ माणसं बेफिकीर वागतात.) तसा ड्रम मी स्वतः निवडून ठेवला. पण त्याला एका बाजूला पोचा होता. सकाळी मालकांनी तो पाहिला आणि फोटोत वाईट दिसेल म्हणून गुपचूप बदलायला लावला. गोदामात गुळगुळीत, चकचकीत ड्रम होते ते सगळे भरलेले.

बाबांचं भाषण रंगात आलं होतं. लोक सावलीला मांडलेल्या खुर्च्यांवर बसले होते, मालक पहिल्या रांगेत. फोटोवाल्याला ड्रम आणि पाहुणे एकाच चौकटीत मिळेनात, म्हणून त्याने ड्रम जरा अलीकडे घ्यायला सांगितलं. फोर्कलिफ्टवाला आला. त्याने लोखंडी दात खाली घातले, तेव्हा गाडी कण्हली. रिकामा ड्रम उचलताना गाडी कण्हत नाही. मी खुर्चीवरून उठले, पण तोवर एक दात ड्रमच्या बुडापाशी घुसला होता आणि तिथून एक बारीक धार लागली होती. धार जमिनीला टेकायच्या आतच तिच्यातून पांढरा धूर उठला, छान, दाट, गालिच्यासारखा पसरणारा. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मालकांनीही वाजवल्या, त्यांना वाटलं मी नाटकात सोडतात तसा धूर मागवला आहे, आणि न विचारता खर्च केला म्हणून त्यांनी माझ्याकडे थोडं रोखूनही पाहिलं.

टाळ्या वाजवल्या नाहीत त्या दोघांनीच, मी आणि बाबांनी. मी फोर्कलिफ्टवाल्याला गाडी बंद करून पळायला सांगितलं, ध्वनिक्षेपकाची वीज फाटकाजवळून तोडायला माणूस पाठवला, आणि लोकांना वाऱ्याच्या उलट्या दिशेला, फाटकाकडे काढायला सुरुवात केली. वारा लोकवस्तीच्या रस्त्याकडे वाहत होता, हे त्यातलं वाईट. बाबा मात्र वाक्य अर्धं टाकून व्यासपीठावरून उतरले आणि थेट भिंतीवरच्या पाण्याच्या नळाकडे गेले. वन्सं, त्यांचे गुडघे तुम्हाला माहीत आहेत. पण त्यांनी ती जाड नळी खांद्यावर घेऊन ज्या सफाईने उलगडली ती पाहून क्षणभर मलाच वाटलं, आता काळजी नाही.

मी म्हणाले, बाबा, पाणी नको, कृपया. त्यांनी नळी जोडली. मी म्हणाले, अहो बाबा, जरा ऐकता का, कृपया थांबा. त्यांनी तोटी हातात धरून पाय रोवले आणि नळाचं चाक फिरवायला तिथल्या वॉचमनला खूण केली. मी तिसऱ्यांदाही कृपया म्हणाले, तुमच्या आईंनी शिकवलेल्या आवाजात. ड्रम त्यांच्या समोर होता, लोक अजून खुर्च्यांतून वाट काढत होते, आणि वॉचमनचा हात चाकावर होता. त्या धारेवर झोत बसला असता तर धुराचा डोंगर झाला असता, आणि पेट घेतला असता तर हे पत्र कोणी दुसऱ्याने लिहिलं असतं. मग माझ्या तोंडून ते निघालं. “सोड! सोड म्हणते ना!”

बाबांनी नळी सोडली. तिथेच, सरळ खाली. आणि ताठ उभे राहून माझ्याकडे बघू लागले.

व्हिडिओ इथे संपतो. पुढचं कोणी पाहिलेलंच नाही. माझी जीभ एकदा घसरली ती परत वर येईना. मी म्हणाले, “आता घे ती नळी. रस्त्याच्या बाजूला जा, लांब. तुषार सोड, झोत नाही. धूर तिथे अडव. ड्रमकडे थेंब जाता कामा नये.” (वाफ दूरवर पाण्याच्या पडद्याने अडवता येते. गळणाऱ्या द्रवाला मात्र पाणी लावायचं नाही. दोन्ही एकाच वेळी पाळायचं हेच अवघड.) बाबांनी “हो” म्हटलं, रस्त्याच्या कुंपणापाशी जाऊन पाण्याचा पंखा उघडला आणि कामगिरी संपेपर्यंत बोटभर हलले नाहीत. तोवर आमच्या दोघा माणसांनी हवेची टाकी पाठीला लावून ड्रम आडवा करून वळवला, भोक वरच्या बाजूला आणलं, त्यात खुंटी ठोकली आणि सांडलेल्यावर कोरडी वाळू टाकली. ठिणगी कुठे पडली नाही. मालकांचा आणि फोटोवाल्याचा घसा धरला, त्यांना दवाखान्यात नेलं. दोघेही संध्याकाळी घरी आले. मालकांचा आवाज अजून बसलेला आहे, आणि त्याच काळात गोदामाच्या छपराचं काम सुरू झालं आहे.

घरी मात्र शांतता. तुमचे बंधू मला बाजूला घेऊन एवढंच म्हणाले, “तू बाबांना अरे केलंस?” वाचलेली माणसं, पाण्याचा पडदा, वारा, कशाचीही चौकशी नाही. बाबा जेवत होते, फिरायला जात होते, माझ्याशी बोलत नव्हते. मी एकटीने रडून घेतलं, माफी कशी मागायची याची वाक्यं जुळवली, आणि एका संध्याकाळी त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिले. बाबा वर्तमानपत्र ठेवून खुर्चीतून उठले. माझ्यासाठी, वन्सं. मी तोंड उघडायच्या आत तेच बोलले.

“सूनबाई, मी आयुष्यभर पोरांना शिकवलं की जागेवर एकच आवाज चालतो. तो तुझा होता. तो मला पहिल्या वेळीच ऐकू यायला हवा होता. तू कृपया, कृपया करत बसलीस, तेवढ्यात माझी नळी जोडून झाली.” मग खाली बघून म्हणाले, “मी पाणी मारलं असतं गं. अजून झोपेत हात तोटी धरल्यासारखा होतो.”

मी त्यांना बसा म्हटलं. ते बसले. तेव्हापासून मी बसा म्हणेपर्यंत ते बसत नाहीत, आणि बाहेर जाताना दारात उभे राहून परवानगी मागतात. शेजारी बघतात.

तुमचं वडिलांवरचं प्रेम मला ठाऊक आहे, म्हणून जे झालं ते जसंच्या तसं लिहिलं. मोठ्या मनाने समजून घ्यावं. तुमच्या यजमानांना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुमची नम्र,
वहिनी

ता. क. मुख्य गोष्ट राहिली. तो व्हिडिओ नातेवाइकांच्या गटात सगळ्यात आधी तुम्हीच टाकलात, आणि खाली ‘आमच्या घरची लक्ष्मी’ असं लिहिलंत, असं धाकट्या काकूंकडून कळलं. कृपया तो काढून टाकता येईल का? सवडीने.

ता. क. दुसरा. बाबांनी पत्र वाचायला मागितलं, मी दिलं. सगळं बरोबर आहे म्हणाले, फक्त ‘नळी सोडली’ याऐवजी ‘आदेश पाळला’ लिहावं अशी सूचना केली. वरच्या ता. क.वर मात्र त्यांनी पेन्सिलने खूण केली. म्हणाले, परत कृपया? काही शिकलीस की नाही? सरळ लिही. त्यांच्यासमोर बसून लिहिते आहे, तेव्हा इलाज नाही.

वन्सं, काढ तो व्हिडिओ.