व्हॉल्व्हजवळचं भोक

प्रिय दादा,

मंगळवारी सकाळी दुकान उघडलं, देवाचं नाव घेतलं आणि एका सायकलची ट्यूब पाण्यात बुडवली. बुडबुडे व्हॉल्व्हच्या अगदी बुडाशी येत होते. भोक सुईच्या टोकाएवढं होतं. गिऱ्हाईक म्हणालं, "एवढंसं तर आहे, लावा ठिगळ." मी म्हणालो, "साहेब, इथं ठिगळ धरत नाही, ट्यूबच बदलावी लागेल."

तूच शिकवलं होतंस हे.

आदल्या दिवशी डॉक्टरांनी मला जवळपास हेच सांगितलं होतं. तुला फोनवर मी एवढंच सांगितलं, की फुप्फुसातली गाठ वाटाण्याएवढी आहे, कॅन्सरची पहिलीच पायरी आहे. तू हसलास, "मग वाटाण्याला घाबरतोस होय रे!" ती कुठे आहे, ते मी गिळलं. कडेला असती तर छोटा तुकडा काढून भागलं असतं. ती मोठ्या श्वासनळीला लागून आहे. डावं फुप्फुस अख्खं काढावं लागेल, आणि तरी ती परतण्याची भीती जास्त.

रडू आलं नाही. देवाकडे काही मागावंसंही वाटलं नाही. फक्त ती ट्यूब टाकवली नाही. हे पत्रही मी पेटीत टाकणार नाही बहुतेक.

आज जेवणं झाल्यावर ट्यूब हिच्या हातात दिली. वीस वर्षं माझ्याबरोबर दुकानात बसते ती. भोक अंगठ्याने चाचपून म्हणाली, "अहो, ही कशाला जपून ठेवलीत?" मग माझ्या तोंडाकडे बघत राहिली.

मी रिपोर्ट तिच्यापुढे ठेवला आणि गाठ कुठे आहे ते सांगून टाकलं.

तुझा,
धाकटा