मोठ्या बाईंची झोप

प्रिय ठमे,

तुझं पत्र पोचलं. एकदा मी वाचलं, एकदा शेजारणीने, कारण तुझं अक्षर आत्तापासूनच डॉक्टरासारखं आहे. कळलं ते एवढंच की कॉलेजात नाव लागलंय, पण तुझा बाप परगावी राहायला पाठवत नाही, आणि प्रवेशाची मुदत संपत आलीय. जेवण मात्र सोडू नकोस. आपल्या घरात उपाशी माणसाचं कुणी ऐकलेलं नाही. माझं अक्षर जाड दिसेल, आजोबांची सुतारी पेन्सिलच हाताला लागली.

आता बातमी. तुझ्या बापाच्या कॉलेजच्या प्राचार्या, आमच्या मोठ्या बाई, गेल्या. शोकसभेला मी रडायचं म्हणून दोन रुमाल नेले होते. पहिला हसण्यातच भिजला. थांब, आधीचं सांगते.

तुझ्या बापाची शाळा संपली तेव्हा आजोबांनी त्याच्यासाठी नवा रंधा आणून ठेवला होता. सुताराचा मुलगा सुतार, विषय संपला. त्याने करवत उचलली की लाकूडच अंग चोरायचं, पण आजोबांना सांगणार कोण? त्याच्या शाळेतल्या मास्तरांनी बाईंच्या कानावर घातलं, आणि एका दुपारी बाई दारात. आजोबा म्हणाले, बाई, आमचं ठरलंय. बाई म्हणाल्या, बरं, ऊन फार आहे, जरा टेकते. गिऱ्हाइकाची आरामखुर्ची तयार होती, तीत टेकल्या आणि झोपल्या. नुसत्या नाही गं, घोरायला लागल्या.

आता घरात प्राचार्या झोपलेल्या असताना हातोडा कसा मारणार? रंधा बंद, करवत बंद. खुर्चीवाला खुर्ची न्यायला आला, त्याला काय बाईंसकट देणार? आजोबा माझ्या कानाशी आले, म्हणाले, उठव त्यांना. मी म्हटलं, घरातले कर्ते तुम्ही, तुम्ही उठवा. मग ते खोकले. बाईंनी कूस बदलली. दिवे लागले तसे आजोबा रडकुंडीला आले, म्हणाले, जाऊ दे कार्ट्याला कॉलेजात, पण मला काम करू द्या. घोरणं थांबलं. बाई उठल्या, म्हणाल्या, सोमवारी पाठवा, डबा देऊन.

मला वाटलं, दमल्या असतील बिचाऱ्या. खुर्ची आजोबांनी ठेवूनच घेतली, गिऱ्हाइकाला दुसरी करून दिली. बाई आमच्याकडे झोपल्या होत्या, हे मी येणाऱ्याजाणाऱ्याला मिरवून सांगत आले.

तर सभेत आधी अध्यक्ष बोलले, ते सोडून देऊ. मग एक शिंपी उठला. म्हणाला, बाई माझ्या दुकानात कपड्यांच्या ढिगावर झोपल्या, म्हणून माझी मुलगी वकील झाली. मग न्हावी. त्याच्या फिरत्या खुर्चीवर, गिऱ्हाइकं ताटकळत उभी. मग बेकरीवाला. मला राहवेना. मी उठून म्हटलं, अहो, पण आमच्याकडे घोरल्या होत्या. अख्खं सभागृह म्हणालं, आमच्याकडेही. खोटं कशाला बोलू, थोडा रागच आला मला.

शेवटी बाईंचा म्हातारा ड्रायव्हर उभा राहिला. म्हणाला, गाडीत बाईंचा कधी डोळा लागला नाही, सगळा रस्ता मलाच रागवत असायच्या. आणि कुणाच्या घरी जायचं असलं की आधी दोन कप कडक कॉफी घ्यायच्या. म्हणायच्या, तिथे खरीच झोप लागली तर पोराचं वर्ष जायचं. मग कुणी हसलं नाही. दुसरा रुमाल तिथे लागला.

तर ठमे, रविवारी मी येतेय. आजोबांची खुर्ची टेम्पोत घालून आणतेय. बापाला सांग, आजीला विश्रांती हवीय. तो घरीच बसून दिवसभर फोनवर मीटिंगा करतो ना, खुर्ची त्याच्या टेबलाला लागूनच मांडायची. खुर्ची बघितली की तो ओळखेल. ओळखू दे. त्याच खुर्चीतल्या झोपेवर तो एवढा मोठा झालाय, उठवायला येईल कोणत्या तोंडाने? तू फक्त कॉफी कडक कर. माझं वय झालंय, मला खरीच लागेल.

तुझीच, घोरायची तालीम करणारी,
आजी