केशरबाईची एक्केचाळिसावी सही

मुक्काम अकोला

तीर्थरूप खुशालमामा यायच्या पायावर भाचा अमोलचा माथा.

मामीच्या गुडघ्याचं कसं काय? आंबिया बहाराच्या संत्र्याले भाव निघून राहिला का? तुमी फोन उचलत नाई, अन् व्हाट्सअ‍ॅपवर कशाच्याबी उत्तराले नुसता अंगठा पाठवता (आजीची तब्येत इचारली तवाई अंगठाच आला), मणून कागद काढला.

आमच्या बियाणं कंपनीचं तुमाले मालूम असनच. मागच्या साली जुनं सोयाबीन नव्या पोत्यात भरून इकलं, अन् भातकुलीकडं एक्केचाळीस जणायच्या वावरात ते उगवलंच नाई. केस झाली. मंग वकिलायनं तडजोड काढली: कंपनी एकरी भरपाई देईन, शेतकरी केस मागं घेतीन, अन् कागदावर लिवतीन का कंपनीनं चूक कबूलही केली नाई, नाकबूलही केली नाई. मी साह्यबाले इचारलं, हा कोणता न्याय? त्यायनं चहा पाजून मले शिकवलं का न्यायाचे लय पंथ हायेत. कोणी मणते गुन्हेगाराले धाक बसला पायजे, कोणी मणते ज्याचं गेलं त्याचं भरून द्या, कोणी मणते दोघायनं समोरासमोर बसून बोला. आमची कंपनी दुसऱ्या पंथातली, काहून का तोच बजेटमंधी बसते.

चाळीस जणायनं सह्या केल्या. एक्केचाळिसावी केशरबाई. तिची सही नाई तं कोणालेच पैसा नाई, मणून मले तिच्याकडं सात खेपा धाडलं. तिच्या गावात आमचं बियाणं तिनं एकटीनंच घेतलं होतं. शेजाऱ्याचं वावर हिरवंगार अन् हिचं काळंच्या काळं. गावानं ठरवून टाकलं, बुढीच्या हातात आता पेरणी रायली नाई. औंदा तं तिच्या पोरानं, धर्मपालनं, तिले पेरणीले वावरात येऊच देल्लं नाई. "पैसे रायू द्या. चारचौघात सांगा का बियाणं जुनं होतं," एवढंच तिचं मणणं.

साह्यब दुप्पट रक्कम द्याले तयार, वरतून फ्रीज द्याले तयार, पण ते एक वाक्य नाई! लय घासाघीस झाल्यावर हेड ऑफिसातून मसुदा आला: 'कंपनीला त्या हंगामातील हवामानाबद्दल खेद आहे.' नातीनं, प्रणालीनं, मोठ्यानं वाचून दाखवला. बुढी मणे, "हवामान यायच्या नात्यातलं हाये का?" मले हसू आलं, अन् खरं सांगतो मामा, लाजबी वाटली.

बाकी समदं ठीक. मामीले नमस्कार.

तुमचा,
अमोल

ता. क. : एक लिवाचं रायलं. मागच्या साली केशरबाईची तक्रार आली तवा कंपनीनं मलेच पाहाले धाडलं होतं, अन् 'पेरणी खोल झाल्याने उगवण नाही, बियाणे निर्दोष' हा अहवाल मायाच सहीचा. वावरात पाय न ठेवता, तिच्याच ओट्यावर बसून, तिनं वाढलेली भाकर अन् भरीत खाता खाता लिवला. उद्या गावात समद्यायसमोर सांगतो. नोकरी जाईन. तुमच्या वरूडच्या संत्र्याच्या गोदामात माणूस लागत असन तं पाहा ना. पगार तुमीच ठरवा.

ता. क. दुसरा : पाकीट टाकाच्या आंधी सांगून आलो. धर्मपालची मान खाली. बुढीनं मले एक शिवी हासडली (ती लिवत नाई), बाकीच्या चाळिसायचं काहून अडवू मणून कागद ओढून सही केली, अन् पोराले मणे, "हरभऱ्याची थैली इकडं आन. सोमवारी मी पेरतो."