मामाजींची जीप, एकास चोवीस

५ जानेवारी, रविवार

जीप आली. मामाजींनी परतवाड्याहून ड्रायव्हर घालून अकोल्याला आणली आणि स्वतः शेजारी बसून आले. अंगणात उभी केली तर फाटक लागत नाही.

दिवाळीत अख्ख्या सासरवाडीसमोर मीच बोललो होतो की मॉडेल कार बनवणाऱ्याला खरी गाडी नवी करणं म्हणजे फक्त चोवीसने गुणणं. अमरावतीच्या प्रदर्शनात माझ्या एकास चोवीस अ‍ॅम्बेसेडरला दुसरं बक्षीस आहे. (स्पर्धक दोनच होते. पण पहिल्याचं काम खरंच चांगलं होतं.)

मुदत १४ एप्रिल. जयंतीच्या मिरवणुकीत सव्वीस वर्षं हीच जीप पुढे असते आणि स्टिअरिंगवर मामाजी. जाताना माझ्या डोक्याच्या जरा वरच बघत राहिले. जरब म्हणतात ती हीच. धारणी रूटवर बॉनेटला टेकला म्हणून त्यांनी एका टेम्पोवाल्याच्या कानाखाली वाजवली होती, असं रश्मी लग्नाआधीच सांगून बसली आहे.

सासरे असले तरी माणूस आहे, वाघ नाही. हे रोज सकाळी तीनदा म्हणायचं.

१२ जानेवारी, रविवार

पद्धत मॉडेलचीच ठेवली. आधी सगळं सुटं करायचं, मग प्रत्येक पार्टला नंबर, मग धुणं, प्राइमर, रंग, जोडणी. आठ दिवस ऑफिसातून आल्यावर हेच. आज २१४ चिठ्ठ्या सेलोटेपनं लावून झाल्या. रश्मीनं विचारलं की बाबाले इचारलं काय तुमी खोलाच्या आंधी. मी सांगितलं, सर्जन पेशंटच्या नातेवाइकांना विचारून टाके घालत नाही.

१९ जानेवारी, रविवार

दुपारी २. मॉडेलचे पार्ट रंगवण्याआधी धुवावेच लागतात, नाहीतर रंग धरत नाही. हा नियम कोणी मॉडेलवाला मोडत नाही. त्याप्रमाणे सगळे पार्ट डिझेलच्या पिंपात टाकले.

दुपारी ४. चिठ्ठ्या वर तरंगून आल्या. कोऱ्या.

सव्वाचार. घाबरण्याचं कारण नाही. पार्ट आकारावरून ओळखू येतात.

पाच. येत नाहीत.

साडेपाच. छातीत धडधड. बहुतेक डिझेलचा वास. रश्मीला शपथ घातली की माहेरी यातलं काही बोलायचं नाही. ती भाजी चिरत होती. मान हलली असं वाटलं.

२ फेब्रुवारी, रविवार

नवा प्लॅन. आधी जीपचं मॉडेल करायचं. लहान गाडी हाताशी असली की मोठी आपोआप समजते. ही पळवाट नाही, याला रेफरन्स म्हणतात.

प्लास्टिक शीट कापून बॉडी. बॉलपेनच्या स्प्रिंगांचं सस्पेन्शन. विंडस्क्रीन रश्मीच्या जुन्या एक्स-रेच्या फिल्मची, धुऊन. सीट रेक्झिनची. (पर्स जुनीच होती. अजून सांगितलेलं नाही.)

मामाजींचा फोन आला तेव्हा सुपरग्लूची बाटली हातात होती. दचकलो, अंगठा आणि तर्जनी चिकटली. त्यांनी विचारलं, गाडी कशी आहे. मी नव्वद टक्के झाली म्हणालो. हे खोटं नाही. कोणती गाडी ते त्यांनी विचारलं नव्हतं.

१६ फेब्रुवारी, रविवार

मामीजींचा फोन. जयंती मंडळाच्या पोराइले गाडी पाह्याची आहे, फोटो टाका म्हणे. फोन ठेवल्यावर वीस मिनिटं अंगणात येरझाऱ्या घातल्या.

शेवटी सुचलं. मॉडेल ओट्यावर ठेवलं, खाली काळी माती चाळून पसरली, मोबाईल उलटा करून लेन्स मातीला टेकवली. मागे शेजारच्यांचा कडुनिंब. खरी जीप उभी आहे म्हणून मीच फसलो. तुरीचे चार दाणे टाकले, ते धोंडे दिसतात. फोटो पाठवला.

मामाजींचा व्हॉइस मेसेज आला. ते टाइप करत नाहीत, ड्रायव्हर माणूस. मस्त आहे म्हणाले. मस्त. तीन वेळा ऐकला. आवाजात राग शोधला, सापडला नाही. तरीही जेवण गेलं नाही.

२ मार्च, रविवार

मंडळाला समोरून फोटो पाहिजे. नंबरप्लेट छापली, दोन सेंटिमीटर. साइड मिरर टूथपिकच्या टोकावर बसवला, चार तास लागले. चाकांवर पातळ तपकिरी रंगाचा हात मारून चिखल दाखवला. यालाच डिटेलिंग म्हणतात. पाठवला.

पाठवल्यावर दिसलं. बॉनेटवर मुंगी आहे. बकरीएवढी.

डिलीट करायला गेलो तोवर निळ्या टिका. रश्मीनं पाणी दिलं आणि सांगून टाका ना एकदाचं म्हणाली. हिला काय जातं सांगायला, तिचे वडील आहेत.

सहाला मामाजींचा मेसेज आला. साजरी दिसते गाडी, बस्स. म्हणजे मुंगी त्यांना दिसली नाही. माझं डिटेलिंगच एवढं दणदणीत की मुंगीसुद्धा खपून जाते.

९ मार्च, रविवार

मामाजींचा मेसेज. फोटो बिटो राहू द्या जवाईबापू, हॉर्न तेवढा आयकवा.

हॉर्न पिंपातल्या ढिगात कुठेतरी आहे. असणारच. पण ढिगात हात घालायची हिंमत होत नाही, दर वेळी नवीनच काहीतरी हाताला लागतं. स्टँडजवळ जाऊन दुसऱ्या एका जीपचा हॉर्न रेकॉर्ड केला. त्या ड्रायव्हरनं संशयानं पाहिलं. पाठवला.

उत्तर आलं, बरं. एवढंच. हे बरं मला अजिबात बरं वाटलेलं नाही.

१६ मार्च, रविवार

सल्ला म्हणून (मदत म्हणून नव्हे) बुधाजी मेकॅनिकला बोलावलं. तो अंगणात आला, सगळीकडे पाहिलं आणि टायरवर बसला. चहा मागितला. चहा पिऊन झाल्यावर म्हणाला की साहेब, हे कोनं केलं. मी म्हणालो, आधीच्या मेकॅनिकनं. बुधाजी म्हणाला, त्याले पुन्हा येऊ देऊ नोका. चार महिने लागतीन, तेबी सारे पार्ट असले त.

चार महिने म्हणजे जुलै. जयंती एप्रिलमध्ये आहे.

२३ मार्च, रविवार

रश्मीकडून कळलं, मामाजी या महिन्यात तिसऱ्यांदा अमरावतीला आले. काम काय ते सांगत नाहीत. मला कळलं काम काय ते. अमरावतीहून अकोला दोन तास. माणूस टप्प्याटप्प्यानं जवळ येतोय.

गल्लीत कोणताही हॉर्न वाजला की मी मागच्या खोलीत असतो. ही भीती नाही, खबरदारी आहे. रश्मी हसत नाही आता. त्याचीच जास्त भीती वाटते.

६ एप्रिल, रविवार

ठरलं. स्वतः परतवाड्याला जाऊन सांगायचं. पुरुषासारखं. सकाळच्या गाडीनं निघालो. बडनेऱ्याला उतरून अमरावती, तिथून बस.

बडनेऱ्याला उतरलो. बाकावर बसलो. आलूबोंडा खाल्ला. पोटात कसंतरी झालं. उन्हाळ्यात बाहेरचं खाऊ नये. परतीच्या गाडीनं आलो.

१२ एप्रिल, शनिवार

सकाळी १०. फाटकाशी ऑटो थांबला. मामाजी, मामीजी. मी बाथरूममध्ये.

साडेदहा. अजून बाथरूममध्ये. रोजनिशी आत आणली हे बरं केलं. रश्मी दारावर थापा मारतेय.

रात्री. सगळं लिहून ठेवतो.

बाहेर आलो, जयभीम घातला आणि बोलण्याऐवजी मॉडेल दोन्ही हातांनी त्यांच्यासमोर धरलं. त्यांना काही दिसलं नसावं असं वाटलं. मामीजींनी त्यांचा हात उचलून मॉडेलवर ठेवला. त्यांनी ते मांडीवर घेतलं आणि बोटांनी चाचपायला लागले. अंगठा मिररवर गेला, मिरर तुटला. काय पडलं, त्यांनी विचारलं. आरसा, मी म्हणालो. ते जमिनीवर शोधायला लागले. आरसा त्यांच्या मांडीवर होता.

मग म्हणाले, जवाईबापू, गाडीजोळ न्या मले. आणि हात पुढे केला. मला वाटलं, मारतात. मी मागे सरकलो. हात तसाच हवेत राहिला. मामीजी हळूच म्हणाल्या, धरा ना त्याइचा हात.

रश्मी आत चहा ठेवायला गेली होती. मी त्यांना धरून अंगणात नेलं. ढिगाशी ते खाली बसले आणि एकेक पार्ट उचलून नाव सांगत गेले. ब्रेक शू. शॅकल. हे क्लचचं. हा हॉर्न, याले म्हनतात हॉर्न, तुमी भलत्याचाच आयकवला मले.

काचबिंदू आहे. उजवा डोळा गेलाच, डाव्यानं नळीतून पाहिल्यासारखं दिसतं. परत येत नाही. अमरावतीला डॉक्टरकडेच जात होते. मामीजींशिवाय कोणाला माहीत नाही, रश्मीलासुद्धा नाही. फोटो मामीजी बघून सांगायच्या. मुंगी त्यांनी पाहिली होती. अकोल्यात एवढ्या मोठ्या मुंग्या रायतात काय, असं त्यांनी मामाजींना विचारलं, आणि त्या दिवशी मामाजी वर्षभरात पहिल्यांदा पोटभर हसले म्हणे.

जीप खोलल्याचं रश्मीनं त्यांना १९ जानेवारीलाच सांगितलं होतं. ते तिला एवढंच म्हणाले, खोलू दे.

मी विचारलं, मग रागावले काहून नाही. मामाजींनी हातातला नट ढिगात परत ठेवला. मग म्हणाले, मांगच्या जयंतीले एक लहानी पोरगी चाकाखाली येता येता राह्यली. लोक बोंबलले म्हनून ब्रेक मारला. मले दिसलीच नाही ते. तवापासून रोज भेव वाटते. पन लोकाइले काय सांगू, शेषरावले आता दिसत नाही म्हनून? गाडी खोलून आहे तोवर मले कोनी चालवाले सांगत नाही.

तीन महिने ज्या माणसाला मी भीत होतो, तो माझ्याहून जास्त भ्यालेला होता. फार वाईट वाटलं. स्वतःची लाजही वाटली, पण ती नंतर.

१४ एप्रिल, सोमवार. परतवाडा

मिरवणुकीत पुढे मंडळाचा भाड्याचा टेम्पो. मामाजी निळा फेटा बांधून पायी, हात माझ्या खांद्यावर. खड्डा आला की मी हळू सांगायचो, ते पाय उचलायचे. लोकांना वाटलं, जावई पळून जाऊ नये म्हणून धरून ठेवलाय.

दर दहा पावलांवर कोणीतरी विचारायचं, शेषराव, गाडी कुठी आहे. मामाजी मोठ्यानं सांगायचे, या आमच्या इंजिनेरनं खोलून ठेवली, नाईत मीच चालवली असती ना. लगेच लोक हसायचे. एकानं पाठीवर थाप मारली. एक म्हातारी म्हणाली, येवढं शिकून काय कामाचं. चौकात माईकवरूनही हेच सांगून झालं. अख्ख्या परतवाड्याला आता मी कोण ते माहीत आहे.

मी ज्याला घाबरत होतो ते नेमकं हेच होतं. प्रत्येक वेळी मामाजींची बोटं खांद्यात जरा जास्त रुतायची आणि मी मान खाली घालायचो.

मंडळाच्या अध्यक्षांनी विचारलं, पुढच्या वर्षी तरी होईन काय तयार. मी म्हणालो, सांगता येत नाही, पार्ट सापडत नाहीत.

संकल्प: जीप यंदा जोडायची नाही. पुढच्या वर्षीही नाही. कोणी विचारलं की मान खाली घालायची. एवढं मला जमेल.