बाटलीतल्या गोगलगायीचा निकाल

अण्णा, तुम्ही गेलात तेव्हा मी सांगलीत नोकरी शोधत होते. आता जर्मनीत झिंडेलफिंगेनजवळच्या एका गावात राहते. इथल्या एका लहान कंपनीत गाड्यांच्या ब्रेकला लागणाऱ्या रबरी नळ्या बनतात आणि त्यांच्या चाचण्या घेणं हे माझं काम होतं. मी वकील झाले नाही याचं तुम्हाला वाईट वाटलं होतं. तुम्ही कधी बोलला नाहीत, पण कळायचं.

तुम्ही लॉ कॉलेजच्या मुलांसाठी इंग्लंडमधल्या गाजलेल्या निकालांवर मराठीत टिपणं लिहायचात आणि ती आधी स्वयंपाकघरात आईला वाचून दाखवायचात. आई लसूण सोलतेय, मी शेजारी अभ्यासाला बसलेय. त्यातला एक निकाल असा: स्कॉटलंडमधल्या एका बाईला तिच्या मैत्रिणीने आल्याच्या पेयाची बाटली घेऊन दिली. अर्धी पिऊन झाल्यावर उरलेलं ओतताना कुजलेली गोगलगाय बाहेर आली, बाई आजारी पडली आणि तिने थेट बाटली भरणाऱ्यावर दावा लावला. आईने विचारलं, पैसे मैत्रिणीने दिले, विकली दुकानदाराने, मग भरणाऱ्याचा संबंध काय? तुम्ही खूश झालात. खटला लंडनच्या सर्वोच्च न्यायपीठापर्यंत गेला तो याच प्रश्नावर, म्हणालात. मला गोगलगायीचंच हसू येत होतं. तुम्ही कागद खाली ठेवलात. "हसू नकोस. काच गडद होती. तिला आतलं दिसणं शक्यच नव्हतं. भरणाऱ्याला शक्य होतं." पाचांपैकी तीन न्यायाधीश बाईच्या बाजूने गेले. उरलेल्या दोघांचं म्हणणंही तुम्ही तेवढंच सविस्तर लिहिलं होतंत. ती वाईट माणसं नव्हती, म्हणालात, ही जबाबदारी एकदा मान्य केली की थांबणार कुठे, याची त्यांना भीती वाटली. आणि गोगलगाय खरोखर होती का, हे शेवटपर्यंत सिद्ध झालंच नाही. भरणारा मध्येच वारला आणि तडजोड झाली.

गेल्या हिवाळ्यात एका नव्या नळीच्या थंडीतल्या चाचणीत काही नळ्या आतून चिरल्या. बाहेरून पाहिलं तर कोऱ्या करकरीत. पुन्हा चाचणी घेतली, सगळ्या टिकल्या. माझ्या साहेबांनी मला बोलावून घेतलं. सज्जन माणूस, मी इथे नवी असताना घर शोधायला माझ्याबरोबर हिंडलेला. दुसरा निकाल नियमात बसतो, तोच धरू, फ्रायगाबेवर सही करा, म्हणाले. फ्रायगाबे म्हणजे तो भाग गाडीत बसवायची मंजुरी. पहिल्या वेळी नळ्या का चिरल्या ते कळेपर्यंत सही करणार नाही, असं मी सांगितलं. ते म्हणाले, "ही ऑर्डर गेली तर या नळ्यांची मशीन बंद करावी लागेल. तिथली माणसं तुम्ही ओळखता." मी म्हटलं, "हो, त्यांना ओळखते. ज्यांच्या गाडीत ही नळी बसेल त्यांना ओळखत नाही." माझी सही डावलून दुसऱ्याची घेता आली असती. त्यांनी घेतली नाही.

चिरण्याचं कारण सापडायला फार वेळ लागला. रबराच्या आतल्या थरात दोष असावा, एवढंच निघालं, तेही 'असावा'. तोवर ऑर्डर दुसरीकडे गेली होती. मशीन थांबली, काही माणसांना जावं लागलं. त्यांतल्या एकीने निरोपाच्या दिवशी मला विचारलं, अगदी शांतपणे, "त्या नळीने कुणाला काही झालं होतं का?" मी नाही म्हटलं. तिने मान हलवली. "गेनाऊ," म्हणाली, म्हणजे 'तेच तर', आणि गेली. वसंतात मला चाचण्यांवरून काढून कागदपत्रांच्या विभागात बसवलं. साहेब अजून नमस्कार करतात, पण थांबून बोलत नाहीत.

तुम्ही असता तर शाबासकी मागितली नसती, अण्णा. निरोप घेणाऱ्या त्या बाईला मी दुसरं काय सांगायला हवं होतं, एवढंच विचारलं असतं. आता हे पत्र टाकायचं कुठे? सांगलीच्या घरात दुसरी माणसं राहतात. इथे माझ्या नवऱ्याला मराठी वाचता येतं, म्हणून घरातही ठेवता येणार नाही. त्यांना मी सांगितलंय की बदली मीच मागून घेतली. त्यांना ते खरं वाटलंय.